कलकत्त्यांतील संशयात्मे

सन १८३० च्या सुमाराची गोष्ट. कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टांत एक हिंदु तरुण साक्षीसाठीं उभा राहिला. त्या काळच्या रिवाजाप्रमाणें शपथेसाठीं गंगाजल व तुळशीपत्र त्याच्यापुढें धरण्यांत आलें. तरुणानें हात पुढें केला नाहीं. गंगेच्या पावित्र्यावर आपला विश्वास नाहीं, असें त्यानें भर न्यायालयांत सांगितलें. जमलेल्या हिंदु मंडळींनीं कानांवर हात ठेवले. त्या तरुणाचें नांव रसिककृष्ण मल्लिक. पुढें घरच्यांनीं त्याला गुंगीचें औषध देऊन होडींतून काशीला रवाना करण्याचा घाट घातला, आणि तो त्यांतून निसटला, अशी हकीकत बंगाली ग्रंथकार शिवनाथ शास्त्री यांनीं लिहून ठेविली आहे.

आजच्या भाषणाचा विषय हा रसिककृष्ण व त्याचे सोबती हा आहे. ‘यंग बेंगॉल’ या नांवानें इतिहास त्यांना ओळखतो. त्यांच्या नास्तिकपणाची वार्ता त्या काळीं सर्व शहरभर झाली होती. परंतु आईबापांच्या घरांत त्या नास्तिकपणाचें पुढें काय झालें, हा प्रश्न मला अधिक विचार करण्यासारखा वाटतो.

हे तरुण ज्या हिंदु कॉलेजांत शिकले तें कोणा मिशनऱ्यांनीं काढलेलें नव्हतें. १८१७ सालीं कलकत्त्यांतील प्रतिष्ठित हिंदु गृहस्थांनीं स्वतःच्या पैशानें व स्वतःच्याच मुलांसाठीं तें स्थापिलें. डेव्हिड हेअर यांच्यासारखे ब्रिटिश स्नेही त्यांच्या पाठीशीं होते. पण व्यवस्थापक मंडळांत राधाकांत देव यांच्यासारखे सनातन धर्माचे कडवे अभिमानीहि बसत असत. वडील मंडळींचा हिशेब सरळ होता. इंग्रजी आल्यावांचून कचेरींत व व्यापारांत पुढें सरकतां येत नाहीं. सबब मुलानें दिवसा ती भाषा शिकावी आणि सायंकाळीं घरीं येऊन देवापुढें बसावें. भाषेच्या पाठोपाठ त्या भाषेंतील विचारहि उंबरठा ओलांडून आंत येतील, हें त्यांच्या ध्यानीं आलें नाहीं.

१८२६ सालीं हेन्री डेरोझिओ हा तरुण या कॉलेजांत शिक्षक म्हणून आला. पोर्तुगीज वंशाच्या पित्याच्या पोटीं, १८०९ सालीं कलकत्त्यांतच त्याचा जन्म झालेला. म्हणजे शिक्षकाचें वय जेमतेम १७ वर्षांचें, आणि विद्यार्थी त्याच्याहून थोडेच लहान! १८२८ सालीं त्यानें विद्यार्थ्यांची एक वादसभा सुरू केली. दैव आणि पुरुषार्थ, सत्याचें महत्त्व, मूर्तिपूजा, ईश्वराचें अस्तित्व असे विषय तेथें निघत. ह्यूमचे आक्षेप वाचले जात, तसेंच त्यांना इतर तत्त्वज्ञांनीं दिलेलीं उत्तरेंहि वाचलीं जात. मुलांच्या रक्तांत हें सारें लवकरच भिनलें. कांहीं जण देवघरांत मंत्रांच्या जागीं होमरच्या काव्यांतील ओळी म्हणूं लागले. कालीमातेच्या दर्शनाला नेलेल्या एका मुलानें नमस्कार करण्याऐवजीं देवीला ‘गुड मॉर्निंग, मॅडम’ म्हटलें, अशी आख्यायिका आहे. त्या मुलाच्या बापाची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं.

शहरांत गवगवा झाला. पालक मुलांना कॉलेजांतून काढूं लागले. अखेर २३ एप्रिल १८३१ रोजीं व्यवस्थापक मंडळाची सभा भरली आणि डेरोझिओला समक्ष बोलावून न घेतां त्याला दूर करण्याचें ठरलें. त्यानें राजीनामा दिला. सभेंतील एक सदस्य, संस्कृतचे प्रसिद्ध पंडित विल्सन यांनीं त्याला तीन प्रश्न विचारले. तुम्ही ईश्वर मानतां काय? आईबापांचा आदर व आज्ञापालन हें कर्तव्य नव्हे असें तुमचें मत आहे काय? भावाबहिणींचा विवाह तुम्हांला निर्दोष वाटतो काय? तिसऱ्या प्रश्नावरून बाजारगप्पांनीं कोणती पातळी गांठली होती तें दिसून येतें.

डेरोझिओचें उत्तर आजहि वाचावयास मिळतें. कोणासमोरहि मीं ईश्वराचें अस्तित्व नाकारलेलें नाहीं, असें तो म्हणतो. मात्र या विषयावर तत्त्वज्ञांनीं घेतलेल्या शंका आणि त्यांचें निरसन या दोन्ही बाजू मुलांपुढें ठेवल्याचें तो कबूल करतो. परंतु माझें मन ज्या भागाशीं थबकतें तो दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा आहे. दक्षिणारंजन मुखर्जी नांवाचा एक विद्यार्थी त्याच्याकडे आला होता. वडिलांची वागणूक आतां असह्य झाली आहे, घर सोडण्यावांचून गत्यंतर नाहीं, असें त्याचें म्हणणें होतें. त्याच्या तक्रारींत तथ्य आहे हें डेरोझिओ जाणून होता. तरीहि त्यानें त्याला परावृत्त केलें. पित्याचें पुष्कळ सोसावें लागतें. घरच्यांनीं प्रत्यक्ष बाहेर घातल्याशिवाय घर सोडशील तर जग तुला दोष देईल, असें त्यानें बजावलें. मुलांना आईबापांविरुद्ध चिथावितो म्हणून ज्याला घालविलें, त्याच्या हातून असा उपदेश झाला होता. व्यवस्थापकांनीं त्याला समोर बसवून विचारलें असतें, तर एवढें तरी त्यांना आधीं कळलें असतें.

चारच महिन्यांनीं जें घडावयाचें तें घडलें. कृष्णमोहन बॅनर्जी हा या मंडळींतील बुद्धिमान तरुण, जातीनें कुलीन ब्राह्मण. २३ ऑगस्ट १८३१ रोजीं तो घरीं नसतां त्याचे मित्र तेथें जमले, त्यांनीं बाजारांतून गोमांस आणून खाल्लें आणि हाडें शेजारच्या ब्राह्मणाच्या आवारांत फेंकलीं. या कृत्याचें समर्थन करतां येणार नाहीं. शेजाऱ्याच्या अंगणांत हाड फेंकणें हा युक्तिवाद नव्हे, ती केवळ उद्दामपणाची लहर होय. शेजारी खवळून धांवून आले. कृष्णमोहन परतला तेव्हां घरच्यांनीं त्याच्यापुढें दोनच मार्ग ठेविले: मतें सोडल्याचें जाहीर करावें किंवा घर सोडावें. ज्या अपराधांत तो स्वतः हजर नव्हता त्याचें प्रायश्चित्त त्याच्याकडे मागितलें गेलें, आणि तेंहि विचारांच्या रूपानें. त्यानें घर सोडलें. रात्रीचा आसरा त्याला त्याच दक्षिणारंजनाकडे मिळाला.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. २६ डिसेंबर १८३१ रोजीं डेरोझिओ पटकीनें वारला. तेव्हां त्याचें वय २२ वर्षांचें होतें. १८३२ च्या ऑक्टोबरांत कृष्णमोहनानें स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर डफ यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. रसिककृष्ण सरकारी नोकरींत डेप्युटी कलेक्टर झाला. रामतनु लाहिडी यांनीं १८५१ सालीं जानवें उतरविलें, पण उत्तरायुष्यांत ते ब्राह्मसमाजाच्या उपासनेकडे वळले. ज्यांना शहर नास्तिक म्हणून बोटें दाखवीत होतें, त्यांतील कितीतरी जण शेवटीं कोठें ना कोठें ईश्वरापाशींच येऊन थांबले. कृष्णमोहनाला ख्रिस्ती धर्म पटला नसेल असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं. पण घरचें दार लागलें तेव्हां त्याच्या शंका ऐकून घेण्यासाठीं डफसाहेबांचें दार उघडें होतें, ही गोष्ट नजरेआड करतां येत नाहीं. वडील मंडळींना मुलाचा संशय घालवावयाचा होता. त्यांनीं मुलगाच घालविला.

आपल्याकडे याच अडचणींतून निराळी वाट निघाली. १८४९ सालीं मुंबईस परमहंस सभा निघाली. तिचे सभासद नास्तिक नव्हते. ते एका ईश्वराची प्रार्थना करीत व जातिभेद मोडण्यासाठीं पावाचा तुकडा खात. परंतु हें सारें गुप्तपणें चाले, कारण घरचें व जातीचें भय. १८६० सालीं सभासदांची यादी चोरीस गेली आणि सभा फुटली. त्यानंतर एका पिढीनें गोपाळ गणेश आगरकरांनीं आपला अज्ञेयवाद ‘सुधारक’ पत्रांत उघडपणें मांडला. लोकांनीं जिवंतपणीं त्यांची प्रेतयात्रा काढली. पण त्यांच्या स्वतःच्या घरांत पत्नी यशोदाबाई आपला धर्म श्रद्धेनें पाळीत असत आणि आगरकर त्यांच्या आड येत नसत. बंगालच्या तरुणांना जें साधलें नाहीं, त्यांच्या वडिलांनाहि साधलें नाहीं, तें त्या घरांत साधलें.

येथें एक भेद मात्र लक्षांत ठेविला पाहिजे. आगरकर घरांतील कर्ते पुरुष होते. कृष्णमोहन अठरा वर्षांचा आश्रित मुलगा होता. सहिष्णुता दाखविणें कर्त्याच्या हातीं असतें. म्हणून या इतिहासांतील प्रश्न मुख्यतः घरांतील वडील माणसांनाच विचारावयाचा आहे. आपल्या मुलानें एके दिवशीं देवापुढें हात जोडण्याचें नाकारलें तर त्याच्याशीं वाद घालावा, रागवावें, डोळ्यांतून पाणीहि काढावें. तो आपला अधिकारच आहे. पण रात्रीं जेवणाच्या वेळीं त्याचें पान मांडलेलें असावें. कृष्णमोहनाचें पान त्या रात्रीं दुसऱ्याच्या घरीं मांडलें गेलें, आणि त्याचें पुढचें सारें आयुष्य त्या एका रात्रीनें बदलून टाकलें.