गोळीतील अशुद्धी आणि रक्ताचा डाग

गर्भनिरोधक गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन महिन्यांत अनेक स्त्रियांना एक अनुभव येतो. पाळीची तारीख दूर असते, गोळी एकदाही चुकलेली नसते, तरीही कपड्यावर रक्ताचा लहानसा डाग दिसतो. मन धास्तावते. डॉक्टर याला ‘स्पॉटिंग’ म्हणतात आणि बहुतेक वेळा काळजीचे कारण नसल्याचे सांगतात. मात्र या डागाचा इतिहास गोळीइतकाच जुना आहे. किंबहुना गोळीत इस्ट्रोजेन हे संप्रेरक जाणीवपूर्वक घालण्यात आले ते या डागामुळेच.

जून १९५३. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रेगरी पिंकस या जीवशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत दोन वयस्क स्त्रिया आल्या : संततिनियमनाच्या चळवळीच्या अध्वर्यू मार्गारेट सँगर आणि धनाढ्य कॅथरीन मॅकॉर्मिक. (आदल्याच वर्षी मुंबईत भरलेल्या परिषदेत कुटुंबनियोजनाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची स्थापना झाली, तिच्यात सँगर यांचा पुढाकार होता.) मॅकॉर्मिक यांच्या पैशावर संशोधनाला वेग आला.

पिंकस यांना साथ मिळाली बोस्टनचे स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक यांची. रॉक श्रद्धाळू कॅथलिक होते, आणि गंमत म्हणजे त्यांचे काम मूल न होणाऱ्या स्त्रियांवर चाले. ते या स्त्रियांना काही महिने रोज संप्रेरके देत, म्हणजे बीजकोशांना विश्रांती मिळे. त्यामुळे पाळी थांबे. साहजिकच त्या स्त्रियांना दिवस गेल्यासारखे वाटे आणि सत्य कळल्यावर त्यांची घोर निराशा होई. यावर पिंकस यांनी तोडगा सुचवला : औषध महिन्यातून वीसच दिवस द्यावे, मग थांबवावे. थांबवले की रक्तस्राव होईल. आजही गोळीच्या पाकिटातील रिकाम्या दिवसांत जी ‘पाळी’ येते ती हीच. ती नैसर्गिक पाळी नव्हे. संप्रेरक बंद झाल्याची ती प्रतिक्रिया आहे.

ठरवून आणलेल्या या रक्तस्रावाबरोबर एक न ठरवलेला रक्तस्रावही आला.

सर्ल कंपनीच्या नोरेथिनोड्रेल या कृत्रिम प्रोजेस्टिनचे रॉक यांच्या रुग्णांवरील निष्कर्ष उत्तम होते. पुढे लक्षात आले की औषध शुद्ध नाही. ते तयार होताना त्यात मेस्ट्रॅनॉल हे इस्ट्रोजेन अल्प प्रमाणात मागे राहत होते. रसायनशास्त्रज्ञांनी आपल्या धर्माला जागून ती अशुद्धी दूर केली, आणि स्त्रियांना महिन्याच्या अधेमधे डाग दिसू लागले!

कारण असे, की केवळ प्रोजेस्टिनमुळे गर्भाशयाचे अस्तर पातळ होते आणि त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या नाजूक बनून कुठेही पाझरतात. इस्ट्रोजेन त्या अस्तराला आधार देते. तेव्हा काढलेली अशुद्धी मोजून परत घालण्यात आली. ‘एनोव्हिड’ नावाच्या त्या गोळीत ९.८५ मिलिग्रॅम नोरेथिनोड्रेल होते आणि ०.१५ मिलिग्रॅम मेस्ट्रॅनॉल.

१९५६ मध्ये पोर्तो रिकोतील रिओ पिएद्रास येथे मोठी चाचणी सुरू झाली. मॅसॅच्युसेट्समध्ये कायद्याची आडकाठी होती. शिवाय गरीब वस्तीतील स्त्रिया सहज उपलब्ध होत्या. आपण प्रयोगाचा भाग आहोत हे त्यांना नीट सांगितले गेले नव्हते. तिथल्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी कळवले की गोळी गर्भधारणा रोखते हे खरे, पण १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होत आहेत आणि ते दुर्लक्षिण्याजोगे नाहीत. पिंकस यांच्या मते यातील बराचसा भाग मनाचा खेळ होता. शास्त्रज्ञ म्हणून पिंकस मोठे असतील, पण इथे ते चुकले.

१९५७ मध्ये एनोव्हिडला अमेरिकेत परवानगी मिळाली ती पाळीच्या तक्रारींवरील औषध म्हणून. गर्भनिरोधक म्हणून १९६० मध्ये. लगेच १९६१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरांनी नोंदवले की ही गोळी घेणाऱ्या स्त्रीच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली. अशा घटना वाढत गेल्या. संशय इस्ट्रोजेनवर स्थिरावला, म्हणजे डाग थांबवण्यासाठी परत घातलेल्या त्याच घटकावर. १९६९ च्या अखेरीस ब्रिटनच्या औषधसुरक्षा समितीने इस्ट्रोजेन ५० मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे असा सल्ला दिला. पहिल्या एनोव्हिडमध्ये ते १५० होते. आजच्या बहुतेक गोळ्यांत २० ते ३५ असते. गुठळीचा धोका घटला; मात्र अगदी कमी मात्रेच्या गोळ्यांवर डाग अधिक दिसतात.

तरीही प्रत्येक डाग निरुपद्रवी नसतो. १९७१ मध्ये जर्मन डॉक्टरांच्या ध्यानात आले की क्षयरोगावर रिफॅम्पिसिन घेणाऱ्या आणि गोळीही चालू असलेल्या स्त्रियांना मधेच रक्तस्राव होतो. लवकरच त्यांपैकी काहींना दिवस गेल्याचेही आढळले. रिफॅम्पिसिन यकृताला गोळीतील संप्रेरके झपाट्याने नष्ट करायला लावते. गोळी रोज पोटात जाते, पण रक्तात पुरेशी उरत नाही. तो डाग म्हणजे संरक्षण ढासळल्याची पहिली खूण होती. रिफॅम्पिसिन आजही क्षयाच्या उपचाराचा कणा आहे, आणि म्हणूनच ते सुरू करताना स्त्री गोळी घेते का हे विचारून तिला दुसरे साधन सुचवावे लागते.