आधी 'मस्ट' आलं

'आदर्श शिक्षक' असा विषय दिला, की माझ्या छात्राध्यापकांच्या इंग्रजी निबंधात पहिल्याच परिच्छेदात 'टीचर मस्ट' आणि 'टीचर शुड' यांची रांग लागायची. शिक्षकाने वेळेवर आलंच पाहिजे, खडू-फळा नीट वापरला पाहिजे, आदर्श राहिलं पाहिजे. 'कॅन'ही बऱ्यापैकी असायचं. 'मे' क्वचित. 'माइट' आणि 'वुड' जवळजवळ नाहीतच. मुलं कोरेगाव-वाईकडची असोत की जत-आटपाडीकडची, वह्या सारख्याच. इंग्रजीची मेथड शिकवण्यात माझी नोकरी गेली, तीही सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत, म्हणून हे सांगते.

व्याकरण कच्चं आहे, एवढं म्हणून आमचे तपासनीस पुढं जात. मला ते पुरेसं वाटत नसे. हीच मुलं व्हरांड्यात बोलताना 'आसंल की', 'जमंल बहुतेक', 'बघू, झालं तर झालं' अशीच बोलायची. अंदाज, शंका, शक्यता त्यांच्या बोलण्यात भरून होती. इंग्रजी लिहायला बसली की ती नाहीशी व्हायची. या मुलखात इंग्रजी कोणत्या वाटेनं आलं, हे मी पाहत गेले, तेव्हा त्याचं कारण माझ्या ध्यानात आलं.

साताऱ्यात इंग्रजी आधी राजवाड्यात आलं, शाळेत मागाहून. 1818 मध्ये पेशवाई बुडाली आणि 1819 च्या तहानं प्रतापसिंह महाराजांना राज्य मिळालं. त्या तहाच्या कलमांत राजानं काय करायचं आणि काय करायचं नाही, ते 'शाल' या क्रियापदानं बांधलेलं आहे. पुढं 1839 मध्ये महाराजांना पदच्युत केलं, ते तहाच्या अटी मोडल्या असं म्हणूनच. मग रंगो बापूजी गुप्ते धन्याची बाजू मांडायला लंडनला गेले आणि तिथं चौदाएक वर्षं अर्ज-विनंत्या करत राहिले. अर्जाचं इंग्रजी वेगळं असतं. त्यात 'मे' येतं, 'प्लीज' येतं, कृपा व्हावी अशी प्रार्थना येते. वरून येणारं इंग्रजी 'शाल'चं आणि खालून जाणारं 'मे'चं. दोन्ही अधिकाराभोवती फिरणारी. आपल्या मुलखाला इंग्रजीची पहिली ओळख झाली ती ही.

आजही महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळेच्या दारात उभं राहून ऐका. 'मे आय कम इन, सर?' मुलाला 'मे' भेटतं ते या वाक्यात, आणि अनेकांच्या बाबतीत तिथंच थांबतं. परवानगी मागायची असेल तेव्हा 'मे'. पाऊस पडेल बहुधा, बाई आज येणार नाहीत बहुधा, हे सांगायलाही तेच क्रियापद लागतं, हे माझ्या बी.एड.च्या वर्गात पदवीधर मुलांना नव्यानं कळायचं.

शाळेतल्या इंग्रजीचा इतिहास मोठा आहे आणि त्यात अभिमानानं सांगावं असं पुष्कळ आहे. खंडाळा तालुक्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्यासाठी अहमदनगरला मिशनरी फरारबाईंकडे आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकल्या. आजच्या सातारा जिल्ह्यात जन्मलेल्या आद्य छात्राध्यापिका म्हणून मी वर्गात त्यांचं नाव आधी घ्यायचे. 1854 च्या 'काव्यफुले'त त्यांनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला आहे. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, भिवा रामजी आंबेडकर हे नाव इंग्रजी पहिलीच्या वर्गासाठी दाखल झालं. तो दिवस आता राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. इंग्रजी हाती आलं की माणूस कुठवर जातो, याचा याहून मोठा दाखला कुठला?

व्याकरण मात्र नियमांच्या वाटेनं शिकवलं गेलं. कराडजवळच्या टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर यांनी 1888 मध्ये 'वाक्यमीमांसा' लिहिली आणि इंग्रजी धर्तीचं वाक्य-पृथक्करण मराठीला लावून दाखवलं. ते काम मला फार मोलाचं वाटतं, कारण त्यात विचार आहे. वर्गात पोचला तो विचार नव्हता, पोचला नियम. 1930 च्या दशकात रेन आणि मार्टिन यांचं व्याकरण आलं. यातले रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले गृहस्थ. 'आय'पुढं 'शाल', 'यू'पुढं 'विल', आणि निर्धार किंवा हुकूम दाखवायचा तर उलट, हा नियम जॉन वॉलिस यांच्या 1653 च्या लॅटिन ग्रंथापासून चालत आलेला. आमच्या पिढीनं तो घोकला. इंग्लंडात माणसं तसं बोलत नव्हती तेव्हाही आम्ही घोकत होतो. 'शाल-विल'वर मार्क असायचे. 'माइट'वर प्रश्न आलेला मला आठवत नाही.

दुसरीकडे प्राथमिक शिक्षक घडत होता तो मराठीतून. 1935 मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रूरल ट्रेनिंग कॉलेज काढलं. तिथून बाहेर पडलेली पोरं त्यांच्या रयत शिक्षण संस्थेच्या व्हॉलंटरी शाळांमधून अशा गावांत गेली, जिथं शाळा कधी नव्हती. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'तला औंध संस्थानाचा कोवळा मास्तर आठवा. मेंढपाळांच्या वस्तीत त्याला इंग्रजीचं काय काम? 1948 च्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारनं पाचवी ते सातवीतून इंग्रजी काढलं आणि ते आठवीपासून सुरू केलं. मातृभाषेच्या बाजूनं तो निर्णय मला समजतो. पण त्यामुळं प्राथमिक शिक्षकांच्या पिढ्या इंग्रजीवाचून घडल्या. माध्यमिकसाठी 1955 मध्ये साताऱ्यात आझाद कॉलेज ऑफ एज्युकेशन झालं, 1962 मध्ये शिवाजी विद्यापीठ झालं, तिथं इंग्रजीची मेथड होती. पण तिचा लाभ हायस्कूलच्या शिक्षकांना.

मग जून 2000 आला. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं. स्वतः पाचवीत नाहीतर आठवीत एबीसीडी गिरवलेल्या गुरुजींना सहा वर्षांच्या पोरांसमोर इंग्रजी बोलायला उभं राहावं लागलं. प्रशिक्षणं झाली, कृती-गाणी आली. माण-खटावच्या वाड्यांवर या शिक्षकांनी जे निभावलं त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांच्या तोंडी जे इंग्रजी बसलं ते अर्थातच वर्गाच्या सूचनांचं होतं: उभे राहा, बसा, गप्प बसलं पाहिजे.

डी.एड., बी.एड.च्या वर्गात आणखी एका गोष्टीनं भर घातली, ती म्हणजे पाठ टाचण. बेंजामिन ब्लूम यांचं उद्दिष्टांचं वर्गीकरण 1956 मध्ये आलं आणि पुढं आपल्याकडच्या टाचणात उद्दिष्टं व स्पष्टीकरणं हा रकाना कायमचा बसला. मराठीत 'विद्यार्थी सांगू शकेल', इंग्रजीत 'विल बी एबल टू'. सराव पाठांच्या काळात छात्राध्यापक हे वाक्य इतक्या वेळा लिहितो, की पुढं पुढं हात आपोआप चालतो. 'कॅन एबल टू' ही जोडचूक याच सवयीतून जन्मते असं माझं मत आहे. आणि त्याहून खोल नुकसान म्हणजे, मूल शिकेलच असं टाचणात आधीच लिहून ठेवलेलं असतं. नाही शिकलं तर काय, याला टाचणात जागा नाही आणि म्हणून इंग्रजीत क्रियापदही नाही.

इथं मराठीकडं थोडं पाहावं लागतं. 'तो घरी असेल' हे भविष्य नव्हे, अंदाज आहे. मराठीत तो अंदाज क्रियापदाच्या रूपातच मुरलेला असतो, वेगळा शब्द लागत नाही. मुलं त्याचं 'ही विल बी अॅट होम' करतात आणि वाचणाऱ्याला खात्री दिल्यासारखं वाटतं. 'पाहिजे'चंही तसंच. आई म्हणते 'जेवलं पाहिजे', साहेब म्हणतात 'अहवाल दिला पाहिजे', आणि घड्याळ पाहून आपण म्हणतो 'आत्तापर्यंत एसटी यायला पाहिजे'. आवाजावरून आपल्याला फरक कळतो. कागदावर तिन्ही ठिकाणी 'मस्ट' पडतं. हे दाखवून दिलं की मुलांचे चेहरे उजळायचे. भाषांतर पाठमाला पिढ्यान्‌पिढ्या वापरली आपण, पण वाक्याला वाक्य जोडताना कोण कुणाला आणि कशासाठी बोलतंय, हे विचारायचं राहून गेलं.

2015 पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि आंतरवासिता लांबली. त्याबरोबर चिंतनात्मक नोंदवही आली. तिच्यात पहिल्यांदा मला वेगळं इंग्रजी दिसलं. ऊसतोडीच्या हंगामात कारखान्याच्या परिसरातल्या शाळेत गेलेल्या एका मुलीनं, वर्गात गप्प बसणाऱ्या एका पोराबद्दल लिहिलं होतं: त्याला भाषा कळत नसावी, किंवा तो उपाशी असावा, मी त्याला आधी नाव विचारायला हवं होतं. 'मे', 'माइट' आणि 'शुड हॅव' एकाच परिच्छेदात, तिन्ही बिनचूक. तिला ती कुणी घोकून दिली नव्हती. तिच्यापुढं खरं मूल होतं आणि त्याच्याबद्दल तिला खात्री नव्हती.

म्हणून माझी मागणी साधी आहे आणि ती मी अभ्यासक्रमाच्या बैठकांतही मांडली आहे. टाचणाच्या नमुन्यात एक रकाना वाढवा. मुलं कुठं अडखळतील, एखादं का अडखळेल, तसं झालं तर मी काय करून पाहीन, हे छात्राध्यापकानं त्यात इंग्रजीतच लिहावं, चार ओळी पुरेत. निरीक्षकानं स्पेलिंगच्या आधी तो रकाना वाचावा आणि मार्कही त्याला द्यावेत.