संघबदल, महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील

एका महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्या विद्यार्थ्याने शिक्षण पूर्ण होण्याआधी दुसऱ्या संस्थेत प्रवेश घेणे आणि तिच्या संघातून मैदानात उतरणे, याला संघबदल म्हणतात. अमेरिकेत २०१८ नंतर त्याचे प्रमाण इतके वाढले की तिथले बहुतेक प्रशिक्षक दर उन्हाळ्यात संघ जवळपास नव्याने उभा करतात. भारतात त्याचा असा गाजावाजा होत नाही. इथे खेळाडू अकरावीच्या प्रवेशाला हलतो, पदवीच्या प्रवेशाला हलतो, पुढे नोकरीला हलतो, आणि दर वेळी मागच्या संघाचे बळ कमी होते. मुंबई विद्यापीठाच्या क्षेत्रात, ठाण्यापासून दिघा-ऐरोलीमार्गे वाशी-नेरूळपर्यंतच्या पट्ट्यातही हीच रीत आहे.

संघबदलाचा परिणाम सर्वच सांघिक खेळांवर होतो. बास्केटबॉलमध्ये तो अधिक खोल जातो, कारण मैदानात एका वेळी पाचच खेळाडू असतात. अमेरिकेतला महाविद्यालयीन पुरुष सामना ४० मिनिटांचा असतो आणि प्रमुख खेळाडू त्यातली तीसहून अधिक मिनिटे खेळतो. आक्रमण आणि बचाव दोन्ही त्याच पाच जणांना करायचे असतात. म्हणून एक जण गेला की खेळता संघ एक पंचमांशाने बदलतो आणि उरलेल्या चौघांची कामेही बदलतात.

अमेरिकेतील नियमांचा प्रवास. जेम्स नेस्मिथ यांनी १८९१च्या डिसेंबरात स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत हा खेळ सुरू केला. अमेरिकेतल्या महाविद्यालयीन खेळांचे नियमन एनसीएए ही संस्था करते. तिच्या जुन्या नियमानुसार संघ बदलणाऱ्या बास्केटबॉलपटूला नव्या संस्थेत एक वर्ष बाकावर बसावे लागे. त्या वर्षात तो सराव करू शकत असे, पण सामना खेळू शकत नसे. पदवी पूर्ण केलेल्यांना सवलत होती. शिक्षणाची घडी विसकटू नये, असे या नियमाचे कारण दिले जाई. प्रशिक्षक मात्र करार अर्ध्यावर सोडून दुसऱ्याच आठवड्यात नव्या विद्यापीठात रुजू होऊ शकत. खेळाडूंवरचा हा अन्याय उघड होता आणि तो दूर व्हायलाच हवा होता.

१५ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘ट्रान्सफर पोर्टल’ ही संगणकीय नोंदवही सुरू झाली. खेळाडूने त्यात नाव नोंदवले की इतर संस्थांना त्याच्याशी बोलता येते. त्यासाठी जुन्या प्रशिक्षकाची परवानगी लागत नाही. एप्रिल २०२१मध्ये एकदा संघ बदलणाऱ्याला बाकावरचे वर्ष माफ झाले. १ जुलै २०२१पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि छबीवर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. पाठोपाठचे हे दोन निर्णय एकत्र आले आणि बाजार उभा राहिला. डिसेंबर २०२३मध्ये सात राज्यांनी एनसीएएविरुद्ध दावा लावला, न्यायालयाने दुसऱ्यांदा संघ बदलणाऱ्यांवरचा उरलेला निर्बंधही स्थगित केला आणि एप्रिल २०२४पासून अभ्यासात पात्र ठरणाऱ्या खेळाडूला कितीही वेळा संघ बदलता येऊ लागला. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीने विद्यापीठांना स्वतःच्या उत्पन्नातून खेळाडूंना थेट पैसे देण्याची वाट खुली केली. २०२५-२६साठी त्याची कमाल मर्यादा सर्व खेळ मिळून प्रत्येक संस्थेला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली.

संघावरील परिणाम. गुणफलकावर दिसतो तो तोटा पहिला: गेलेल्या खेळाडूचे गुण, रिबाउंड, पास. हा भरून काढता येतो, कारण तितक्याच आकड्यांचा दुसरा खेळाडू आणता येतो. जो भरून निघत नाही तो सहवास. पिक अँड रोलमध्ये चेंडू घेऊन येणारा गार्ड उंच साथीदाराच्या आडोशाने पुढे घुसतो आणि साथीदार रिंगकडे वळतो. पास सुटतो तो साथीदार वळण्याच्या क्षणभर आधी. तो क्षण वहीत काढलेल्या आकृतीतून समजत नाही, दोघांनी तेच शेकडो वेळा केल्यावर हाताला कळतो. बचावात हे आणखी खरे आहे. समोरचा खेळाडू निसटला तर आपला माणूस सोडून कोणी धावायचे, आणि त्या धावणाऱ्याची मोकळी जागा कोणी झाकायची, हे पाचही जणांना एकाच वेळी उमगावे लागते. नवे पाच जण एकत्र आले की आक्रमण लवकर जमते, बचाव उशिरा जमतो. हंगाम नोव्हेंबरात सुरू होऊन एप्रिलच्या आरंभी संपतो, म्हणजे शिकायला वेळ थोडाच.

प्रशिक्षकांनी यावर काढलेला तोडगा म्हणजे वयाने मोठे आणि खेळ पचलेले खेळाडू घेणे. बावीस-तेवीस वर्षांच्या खेळाडूला सगळे नव्याने शिकवावे लागत नाही. याचा फटका शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलांना बसतो, कारण त्यांच्यासाठीच्या जागा घटतात. संघात राहिलेल्या राखीव खेळाडूचे नुकसान तर कुठेच मोजले जात नाही. दोन वर्षे बाकावर बसून त्याने ज्या जागेची वाट पाहिली, तिथे एप्रिलमध्ये दुसराच कोणी आणला जातो. मग तोही नोंदवहीत नाव घालतो. एका संघबदलातून दुसरा असा निघत राहतो.

सेंट पीटर्स या जर्सी सिटीतल्या छोट्या विद्यापीठाची गोष्ट या संदर्भात पुन्हापुन्हा सांगितली जाते आणि सांगितली जायलाच हवी. मार्च २०२२मध्ये पंधरावे मानांकन मिळालेल्या या संघाने राष्ट्रीय स्पर्धेत केंटकीला अतिरिक्त वेळेत ८५-७९ असे हरवले, पुढे पर्ड्यूलाही हरवले आणि शेवटच्या आठांत धडक मारली. त्या मानांकनाचा कोणताही संघ तोवर तिथे पोहोचला नव्हता. काही दिवसांतच प्रशिक्षक शहीन हॉलोवे सीटन हॉल विद्यापीठात गेले. खेळाडूंपैकी केसी एन्डेफो त्यांच्या मागोमाग तिथेच गेला. डग एडर्टने ब्रायंट आणि डॅरिल बँक्सने सेंट बोनाव्हेंचर गाठले. एका वसंतात उभा राहिलेला संघ त्याच वसंतात विखुरला.

फ्लोरिडा अटलांटिकने उलटे करून पाहिले. २०२३मध्ये अंतिम चारांत पोहोचून सॅन डिएगो स्टेटकडून ७१-७२ अशी एका गुणाने हार पत्करल्यावर त्यांचे प्रमुख खेळाडू आणि प्रशिक्षक डस्टी मे आणखी एक वर्ष एकत्र राहिले. पुढच्या वर्षी संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. एकत्र राहणे म्हणजे जिंकण्याची हमी नव्हे, हे त्यातून कळते. मग मे मिशिगनला गेले आणि उंचपुरा व्लाद गोल्डिन त्यांच्याबरोबर गेला. मिशिगनची आदल्या हंगामातली कामगिरी ८ विजय, २४ पराभव अशी होती. नव्या हंगामात ती २७-१० झाली.

संघबदलातून काय साधते याचे सर्वांत ठळक उदाहरण फ्लोरिडाचे. ७ एप्रिल २०२५ रोजी त्यांनी ह्यूस्टनला ६५-६३ असे हरवून राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. सुरुवातीच्या पाचांपैकी चौघे इतर संस्थांतून आलेले होते. स्पर्धेच्या अंतिम टप्प्याचा मानकरी ठरलेला वॉल्टर क्लेटन आयोनातून आला होता, विल रिचर्ड बेलमाँटमधून, रुबेन चिन्येलू वॉशिंग्टन स्टेटमधून आणि अलिजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून. मात्र रिचर्ड तिथे तीन हंगाम खेळला होता आणि क्लेटन दोन. विकत आणलेला संघ रातोरात जिंकला, असे म्हणणाऱ्यांनी हा तपशील पाहिलेला नसतो. आदल्या वर्षीच्या अंतिम सामन्यात पर्ड्यूच्या पाचांत बाहेरून आलेला लान्स जोन्स एकटाच होता आणि प्रमुख खेळाडू झॅक ईडी तिथेच चौथे वर्ष खेळत होता. ते कनेटिकटकडून ६०-७५ असे हरले, पण घरच्या खेळाडूंवर अजूनही शिखरापर्यंत पोहोचता येते हे त्यांनी दाखवले.

भारत आणि मुंबई विद्यापीठ. भारतात विद्यापीठांच्या स्पर्धा भारतीय विद्यापीठ संघ भरवतो. खेळाडू पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो, वयाची मर्यादा २५ वर्षांची आहे, आणि एका शैक्षणिक वर्षात एकाच विद्यापीठाकडून खेळता येते. पूर्णवेळ नोकरी धरणारा अपात्र ठरतो. मुंबई विद्यापीठात आधी महाविद्यालये आपापसांत खेळतात, मग निवड चाचणीतून विद्यापीठाचा संघ ठरतो आणि तो पश्चिम विभागाच्या स्पर्धेत उतरतो. यामुळे महाविद्यालय बदलले तरी विद्यापीठाचा संघ तोच राहतो. नुकसान होते ते महाविद्यालयाचे. खासगी आणि अभिमत विद्यापीठे शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि पूर्णवेळ प्रशिक्षक देऊ लागल्यापासून मात्र मुले विद्यापीठाचीच वेस ओलांडू लागली आहेत.

मुंबईत हा खेळ रुजला तो नागपाड्यात. अमेरिकन मराठी मिशनने १९२०च्या दशकात तिथे क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या पुढाकाराने ‘नेबरहूड हाउस’ हे समाजकेंद्र उभारले होते. तिथूनच पुढे नागपाडा भारतीय बास्केटबॉलचे एक माहेरघर झाले. भारताचे कर्णधार आणि १९७०च्या अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर याच वस्तीतले. महाराष्ट्रातल्या खेळाडूंचा खरा संघबदल मात्र रेल्वेत होतो. राष्ट्रीय स्पर्धेत भारतीय रेल्वे राज्यांच्या बरोबरीने स्वतंत्र संघ उतरवते. क्रीडा कोट्यातून तिथे नोकरी लागलेला खेळाडू पुढे राज्याकडून नव्हे, तर रेल्वेकडून खेळतो. महिला गटात रेल्वेचे दीर्घ वर्चस्व याच भरतीवर उभे आहे. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना नोकरीचे पत्र आले तर घरचे ते नाकारू देत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच असते.

दिघा हे नवी मुंबई महानगरपालिकेचे उत्तर टोक. इथून पुढे कळवा लागते. ठाणे-बेलापूर मार्गावरच्या या औद्योगिक पट्ट्यात मूळ गावांचा लाडका खेळ कबड्डी. बास्केटबॉल आला तो शाळा-महाविद्यालयांच्या आवारांतून. १२ जानेवारी २०२४ रोजी दिघा गाव स्थानक सुरू झाल्यावर ठाण्याकडची आणि वाशीकडची महाविद्यालये इथल्या मुलांना सारखीच जवळ आली. ठाण्यातले किंवा वाशीतले संलग्न महाविद्यालय निवडले तर मुंबई विद्यापीठाचीच निवड चाचणी द्यायची. नेरूळच्या डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात गेले तर विद्यापीठच बदलते. पहाटेचा सराव, सकाळचे तास आणि लोकलचे वेळापत्रक जिथे जुळते तिथे मुलगा जातो. त्याचा संघ बहुतेकदा यावरूनच ठरतो.

कबड्डीने मराठी प्रेक्षकांना संघबदलाचा हिशेब आधीच दाखवला आहे. चंदगड तालुक्यातला सिद्धार्थ देसाई २०१८च्या प्रो कबड्डीत यू मुंबाकडून चमकला. पुढच्या हंगामासाठी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाख रुपये लावले. त्याने चढायांतून गुणांचे द्विशतक ओलांडले, तरी टायटन्स बारा संघांत अकरावे राहिले आणि त्याच्यावाचून खेळलेली यू मुंबा उपांत्य फेरीत पोहोचली. चढाईपटू विकत मिळतो, पण कोपऱ्यांतल्या बचावपटूंची साखळी एका लिलावात जमत नाही.

घडवणाऱ्या संस्थेचा वाटा. फुटबॉलमध्ये खेळाडू करार चालू असताना दुसऱ्या क्लबकडे गेला तर फिफाच्या नियमाप्रमाणे त्या बदलीसाठी मोजलेल्या रकमेतला ५ टक्के भाग त्याला वयाच्या १२ ते २३ वर्षांत घडवणाऱ्या क्लबांना मिळतो. एनसीएएत असा नियम नाही. खेळाडू मुदतीआधी गेला तर भरपाई मागणारी कलमे काही श्रीमंत विद्यापीठे आता करारात घालतात. सेंट पीटर्ससारख्या संस्थेकडे असा करार करण्याइतका पैसाच नसतो. भारतात क्रीडा कोट्याची नोकरी देणारे कार्यालय खेळाडूच्या शाळेला किंवा महाविद्यालयाला काही देणे लागत नाही. वर्षभराचे चेंडू, रिंगच्या फळ्यांची डागडुजी आणि प्रशिक्षकाचे मानधन एवढा खर्च जरी भरती करणाऱ्या खात्याने त्या संस्थेला दिला, तरी पुढच्या तुकडीचा सराव बंद पडणार नाही. खेळाडूला अडवून ठेवण्यापेक्षा ही वाट अधिक न्याय्य आहे.