कलम आणि दप्तर : दोन यावनी शब्दांची कुळकथा

मराठीतील लेखनव्यवहाराचे कलम आणि दप्तर हे दोन शब्द फारसीतून आले, अशी नोंद सर्वसाधारणपणे केली जाते, आणि ती चूक नाही. मात्र फारसी हा या शब्दांच्या प्रवासातला एक मुक्काम होता, आणि त्यांचे मूळ ग्रीक भाषेत आहे, ही गोष्ट त्या नोंदीत झाकली जाते. इंग्रजीत ग्रीक मुळाचे लेखनवाचक शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांचा गवगवाही पुष्कळ होतो. त्या मानाने बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या गावात पटवाऱ्याच्या (वऱ्हाडात तलाठ्याला अजूनही याच नावाने ओळखतात) कपाटातील दप्तर आणि शाळकरी मुलाच्या पाठीवरील दप्तर यांची वंशावळ त्या शब्दांइतकीच जुनी असूनही कुणाच्या फारशी ध्यानात येत नाही.

ग्रीक भाषेत ‘डिफ्थेरा’ म्हणजे कमावलेले कातडे. इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातील इतिहासकार हेरोडोटस सांगतो की, आयोनियातील ग्रीक लोक पपायरसच्या ग्रंथांनाही ‘कातडी’च म्हणत, कारण पपायरस दुर्मीळ होता त्या काळी ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यावर लिहीत असत. इराणी दरबारात वैद्य म्हणून राहिलेल्या क्टेसियसने तेथील राजनोंदींना ‘राजाची कातडी’ याच अर्थाचे नाव दिले होते. पुढे हा शब्द पश्चिम आशियातील भाषांत ‘दफ्तर’ या रूपाने स्थिरावला आणि कातडे जाऊन कागद आला तरी नाव टिकले. मराठीत ‘दफ्तर’चे दप्तर झाले, आणि हिशेबाचे कागद कापडी रुमालात बांधून ठेवण्याच्या रिवाजामुळे आतल्या नोंदी, त्यांचे गाठोडे आणि त्या ठेवण्याची जागा या तिन्हींना तो शब्द लागू पडला; पुस्तकांच्या पिशवीपर्यंत तो पोहोचला तो या गाठोड्याच्या अर्थाने.

कलमाची वाट याहून सरळ आहे. ग्रीक ‘कालामोस’ म्हणजे बोरू, म्हणजे पाणथळ जागी वाढणारे पोकळ दांड्याचे गवत आणि तेच तिरके छाटून केलेली लेखणीही. अरबीत त्याचे ‘कलम’ झाले. कुराणाच्या अडुसष्टाव्या सुऱ्याचे नावच ‘अल्-कलम’ आहे. अरबीतून फारसीत आणि फारसीतून दख्खनच्या कचेऱ्यांत तो आला, तेव्हा बरोबर दौत आणि शाई हे शब्दही आले.

वऱ्हाडात ही शब्दसंपत्ती रुजण्यास दीर्घ अवधी मिळाला. दख्खनच्या सुलतानांचा अंमल येथे आधीपासून होताच. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेले, आणि ‘ऐन-ए-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये, म्हणजे महसुली विभागांमध्ये, मेहकरचे नाव येते. ऑक्टोबर १७२४ मध्ये सिंदखेड राजाजवळील साखरखेर्डा येथे निजाम-उल्-मुल्काने मुबारिजखानाचा पराभव केला आणि दख्खन प्रत्यक्षात दिल्लीपासून तुटले. त्यानंतर १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे जाईपर्यंत हा मुलूख निजामाच्या नावाखाली राहिला, जरी वसुलीत नागपूरकर भोसल्यांचा मोठा वाटा असे. सत्ता बदलल्या, तरी जमाबंदी लिहिणाऱ्यांची परिभाषा बहुतांशी तीच राहिली.

या परिभाषेला मराठी राज्यात एकदा जाणीवपूर्वक विरोधही झाला. सिंदखेडच्या लखुजी जाधवांची कन्या जिजाबाई. त्यांचे पुत्र शिवाजी महाराज यांच्या सांगण्यावरून रघुनाथ पंडितांनी १६७७ च्या सुमारास ‘राज्यव्यवहारकोश’ रचला, ज्यात फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले असून लेखनासाठी ‘लेखनवर्ग’ असा स्वतंत्र वर्गच आहे. तरीही कलम आणि दप्तर हे दोन्ही शब्द मराठीतून गेले नाहीत. फारसी-अरबी शब्दांना मराठीत ‘यावनी’ म्हणण्याचा प्रघात आहे. आता ‘यवन’ हा शब्द मुळात आयोनियाच्या नावावरून आलेला, आणि त्याचा पहिला अर्थ ग्रीक हाच. पाणिनीच्या सूत्रांतील ‘यवनानी’ या रूपाचा अर्थ कात्यायनाने यवनांची लिपी असा दिला आहे. म्हणून परकेपणाची खूण म्हणून या दोन शब्दांना लावलेले ‘यावनी’ हे विशेषण, लावणाऱ्यांच्या कल्पनेबाहेर, अक्षरशः खरे ठरते.

मराठी कारभारात कलमाला एक वेगळे वळणही मिळाले. करारातील किंवा आज्ञापत्रातील प्रत्येक बाब वेगळी मांडली की तिला ‘कलम’ म्हणायचे, ही मराठी कारभारातील रीत. त्यातूनच कायद्याचे कलम आले. हिंदीत या ठिकाणी ‘धारा’ बसते, मराठीत लेखणी बसली. जिल्हा न्यायालयात खुनाचा खटला पूर्वी कलम ३०२ खाली चाले, १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यासाठी तो भारतीय न्याय संहितेच्या कलम १०३ खाली चालतो. आकडा बदलला, बोरू कायम आहे.

इंग्रजीच्या वाटेने आलेल्या ग्रीक शब्दांचे नशीब तितके बरे नव्हते. ‘ग्राफेइन’ म्हणजे आधी ओरखडणे आणि मग लिहिणे; त्यापासून टेलिग्राफ, म्हणजे दूरलेखन, हे नाव अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये घडले, आणि लोहमार्गाबरोबर मलकापूर-शेगावकडे ते यंत्र आले तेव्हा लोकांनी त्याला सरळ ‘तार’ म्हटले. जॉन हर्शेलने १८३९ मध्ये रूढ केलेल्या फोटोग्राफ या शब्दातील ‘फोटो’, म्हणजे प्रकाश, तेवढा मराठीत राहिला आणि लेखन गळून पडले. गणितातल्या ग्राफला पाठ्यपुस्तकांनी ‘आलेख’ केले. अपवाद ग्रॅमचा. ‘ग्राम्मा’ म्हणजे लिहिलेले अक्षर; उत्तरकालीन ग्रीकमध्ये तेच एका बारीक वजनाचे नाव झाले, १७९५ मध्ये फ्रेंचांनी ते दशमान पद्धतीत घेतले, आणि १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर ते खामगावच्या चांदीच्या बाजारात तोळ्याशेजारी येऊन बसले. दप्तराचा एक सख्खा भाऊही याच वाटेने आला आहे. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या रोगाला ब्रेतोनो या फ्रेंच वैद्याने १८२६ मध्ये डिफ्थेरावरून नाव दिले, आणि तो डिफ्थेरिया म्हणजेच आपला घटसर्प. दहाव्या वर्षी मुलांना दिल्या जाणाऱ्या ‘टीडी’ लशीतील ‘डी’ तो हाच.

कलमाचा आणखी एक अर्थ राहिला. संग्रामपूर आणि जळगाव जामोद भागातील संत्र्याच्या बागांत कलम म्हणजे लेखणी नसून जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरून तयार केलेले रोप होय. फारसीतही हा शब्द लावणीसाठी छाटलेल्या फांदीला लागतो, कारण ती बोरूप्रमाणे तिरकी छाटतात. योगायोग असा की, इंग्रजीतील ‘ग्राफ्ट’ हा शब्दही लेखणीवरूनच आला आहे : ग्रीक ‘ग्राफेइऑन’ म्हणजे मेणाच्या पाटीवर कोरण्याची टोकदार सळई, ती लॅटिनमधून फ्रेंचमध्ये गेली, आणि टोक काढलेली कलमाची काडी तिच्यासारखी दिसते म्हणून फ्रेंच माळ्यांनी तेच नाव काडीला दिले. एकमेकांपासून दूरच्या दोन भाषापरंपरांनी, बोरूवरून आणि सळईवरून, एकच उपमा स्वतंत्रपणे योजली. संत्र्याच्या बाबतीत तर ती उपमा लागूही पडत नाही, कारण तेथे काडी तिरकी छाटून जोडत नाहीत. खुंटाच्या सालीला चीर देऊन तीत सालीसह काढलेला एकच डोळा बसवतात आणि वरून पट्टी बांधतात. रोपवाटिकेत मात्र त्या रोपालाही कलमच म्हणतात.