जिते ते कोर्लई : एका बोलीच्या शोधात

१९८६ साली रोह्यापर्यंत लोहमार्ग पोहोचला आणि पेणजवळचे जिते रेल्वेच्या नकाशावर आले. ऐन हिवाळ्यात, कापणी झालेली भातखाचरे पाहत, आम्ही येथून रेल्वेने पेण गाठले, पुढे एस.टी.ने अलिबाग आणि मुरूडच्या गाडीने रेवदंड्यावरून कोर्लई.

सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी रेवदंड्यास किल्ला बांधला. १७४० साली रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज गेले, कोर्लईची ख्रिस्ती कुटुंबे राहिली. पोर्तुगीज व मराठी यांच्या सहवासातून घडलेली त्यांची बोली, ‘नॉ लिंग’ म्हणजे ‘आमची भाषा’, राजाश्रयावाचून अडीचशेहून अधिक वर्षे घराघरांतून जगली.

भूमध्य समुद्रातील चिमुकल्या माल्टातील ख्रिस्ती लोकांची भाषा अरबी कुळातील. तिला १९३४ साली राजभाषेचा मान लाभला. कोर्लईच्या बोलीला तसे राज्य नाही. ज्या एस.टी.ने आम्हांस तिच्या दारी नेले, तीच गावची मुले मराठी-इंग्रजीच्या जगात नेते. ते योग्यच, पण परतल्यावर घरात कोणती भाषा बोलली जाते, यावरच तिचे आयुष्य अवलंबून आहे. वसईच्या सामवेदी व वाडवळी घरांनाही हा प्रश्न परका नाही.