पुसेगाव : पिकांतून वाचलेला इतिहास

पुसेगाव म्हटले की बहुतेक वाचकांना साताऱ्याकडील सेवागिरी महाराजांची यात्रा आठवते. प्रस्तुत लेखातील पुसेगाव निराळे. ते मराठवाड्यात, सेनगाव तालुक्यात आहे. 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तोवर ते परभणी जिल्ह्यात मोडत असे.

या परिसराचा लिखित इतिहास पाहू गेल्यास तो बहुतांशी हिंगोलीच्या छावणीचा आहे. हैदराबाद कंटिंजंटची फौज तेथे असे. 1903 साली ती हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. मेडोज टेलर याने ठगांवरील आपल्या 1839 च्या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या हरिसिंगाची हकीकत दिली आहे. हा प्रतिष्ठित व्यापारी प्रत्यक्षात ठगांचा म्होरक्या होता. मुंबईहून कापड आणणाऱ्या एका व्यापाऱ्याला ठार मारून तोच माल त्याने छावणीत उघडपणे विकला. ठगाचे नाव असे टिकले; भोवतालच्या खेड्यांत ज्वारीची कणसे खुडणाऱ्या बाईचे किंवा नांगर घडविणाऱ्या सुताराचे टिकले नाही. त्यांचा इतिहास पिकांवरूनच वाचावा लागतो.

ज्वारीच्या काळी सुतार, लोहार, चांभार, कुंभार यांना वर्षभराच्या कामाचा मोबदला खळ्यावर धान्याच्या रूपाने मिळे. त्यालाच बलुते म्हणत. ही व्यवस्था प्रेमळ होती, असे मात्र कोणी समजू नये. महार-मांगांच्या वाट्याला गावकीची कामे भरपूर, आणि पदरी पडणारे माप देणाऱ्याच्या मर्जीवर. निजामी राजवट 17 सप्टेंबर 1948 रोजी संपली आणि 1950 च्या हैदराबाद कूळकायद्याने कसणाऱ्याला काहीसे संरक्षण लाभले. ज्याला कसायलाही जमीन नव्हती, त्याच्या चुलीवर त्या कायद्याने काय शिजणार?

कापसाने रोख पैसा आणला. वेचणी वजनावर होत असल्याने दिवसाकाठी किती किलो वेचले, यावर बाईची मजुरी ठरू लागली. 1972 च्या दुष्काळात याच बायका मराठवाडाभर रस्त्यांच्या कामांवर खडी फोडीत होत्या.

पुढे सोयाबीन आले. सुमारे शंभर दिवसांत हाती येणारे हे पीक शेतकऱ्याला सोयीचे ठरले. कापणी उक्ती दिली जाते, मळणी यंत्र करते. कापसाच्या वेचणीसारखे महिनोन् महिने पुरणारे काम त्यात नाही. शिवाय ज्वारी हटली तसा कडबा घटला. कडबा घटला तशी बैलजोडी परवडेनाशी झाली. आणि बैल गेले तेव्हा सुताराकडे औते भरायला कोण जाणार? रूथच्या पुस्तकात सरवा वेचणारी परकी विधवा आपण सर्व जाणतो. सरवा हा शब्द आपल्या शेतांतला आहे. कापणीनंतर मागे राहिलेले गरिबाने वेचावे, ही रीत येथेही होती. सोयाबीनच्या गळून पडलेल्या शेंगा आजही वेचल्या जातात, पण दाणे विकूनच त्यांची भाकरी होते. ज्वारीचा सरवा थेट जात्यात जाई.

हळदीने हातांना पुन्हा काम दिले आहे. मे-जूनमध्ये लावलेली हळद फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. गड्डे मोडायचे, हळकुंडे वेगळी करायची, उकडायची, उन्हात वाळवायची, मग पिंपात फिरवून चकचकीत करायची. पूर्वी कढया होत्या, आता वाफेची यंत्रे आहेत. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केट यार्डात भाव पुकारला जातो तो पिवळ्या ढिगाचा. ज्यांनी गड्डे मोडले, त्या बायका त्या वेळी पुढच्या शेतात वाकलेल्या असतात आणि त्यांच्या बोटांचा पिवळेपणा पुढचे कित्येक दिवस धुऊन जात नाही.