स्वार्थमोर ऑनर्स अभ्यासक्रम

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या स्वार्थमोर महाविद्यालयाने १९२२ मध्ये सुरू केलेला विशेष पदवी अभ्यासक्रम. ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला शिकलेले अध्यक्ष फ्रँक एडलॉट हे त्याचे प्रवर्तक. छोट्या चर्चासत्रांत विद्यार्थी स्वतः निबंध लिहून मांडतात. अखेरची लेखी व तोंडी परीक्षा मात्र बाहेरचे परीक्षक घेतात. या पद्धतीचे खरे बळ इथेच आहे. गुण देणारा वेगळा असल्याने शिक्षक विद्यार्थ्याच्या बाजूने उभा राहतो आणि विद्यार्थ्याला कोणाची मर्जी सांभाळण्यापेक्षा विषयात कस लावावा लागतो. हे मूठभरांचे लाड आहेत, हा आक्षेप अगदीच खोटा नाही. लहान वर्ग खर्चिक असतातच. पण ज्याला अधिक झेपते त्याला अडवून ठेवल्याने मागे राहिलेल्याचे काहीच भले होत नाही. बाह्य परीक्षकांची प्रथा तेथे आजही चालू आहे.